वाटजाईच्या उष्ट्या वहाणा

खिंडीच्या माथ्यावर वाटजाईचं देऊळ आहे. देऊळ म्हणजे चार दगडी खांब, वर फरशांचं छप्पर आणि आत शेंदूर लावलेला कमरेएवढा अनघड दगड, म्हणजे तांदळा. नाक नाही, डोळे नाहीत, पाय तर नाहीतच. त्या तांदळ्यासमोर वहाणांचा एक जोड ठेवलेला दिसेल. तळ झिजलेला, टाचेकडची कड दबलेली, पट्ट्यांवर लाल, पांढऱ्या, निळ्या काचमण्यांचं बारीक काम आणि त्यातले पाचसहा मणी गळालेले. नवखी माणसं इथे हमखास चुकतात. कुणाच्या तरी राहिल्या वाटतं, असं म्हणून पायानं बाजूला सारायला जातात. गेल्या साली एका बाईंनी पिशवीतून टिकल्या लावलेल्या कोऱ्या सपाता काढल्या आणि देवीपुढे असला फाटका जोड बरा दिसत नाही म्हणाल्या. त्यांना सांगावं लागलं की बाई, सपाता तुमच्याजवळच असू द्या, कोरी वहाण या देवीला चालत नाही. दर वर्षी कुणी ना कुणी हे करतंच. सांगून सांगून तोंड दुखलं. पण हा घोळ आजचा नाही. यापायी एका बाईनं दोन वर्षं जे सोसलं ते ऐकलंत तर तुमचंही डोकं फिरेल. बसा खांबाला टेकून.

वाटजाई ही वाटेची देवी. पूर्वी देशावरून कोकणात उतरणारे बैलांचे तांडे याच खिंडीतून जात. खिंडीत धुकं उतरलं की पुढच्या बैलाचं शेपूट मागच्या माणसाला दिसत नसे, आणि डाव्या अंगाला सरळ कडा. अशा वाटेवर देवी रोज एक फेरी मारते आणि चुकलेल्याला वाटेवर आणते, असं सांगतात. चालायचं म्हणजे पायात वहाण हवी. म्हणून माघी पौर्णिमेला देवीला नवा जोड द्यायचा, हा इथला जुना नेम. तांडेवाले खिंड सुखरूप उतरले की चिमूटभर काचमणी देवळाच्या पायरीवर ठेवून जात. वर्षभराचे ते मणी पुढच्या जोडावर गुंफले जात.

हा जोड करण्याचा मान खाली टाक्याच्या वाडीतल्या एका चर्मकार घराकडे होता. तिथे ओढ्याच्या कडेला कातळात खोदलेलं टाकं आहे. त्या टाक्यात कातडी भिजत, कमावली जात. टाकं आणि त्यामागचं बाभळीचं बन त्या घराला मानासोबत मिळालेलं. टाकं आहे तोवर धंदा, आणि धंदा आहे तोवर घर. मान मोठा होता खरा, पण वाडीच्या माणसांनी देवळाच्या पहिल्या पायरीपुढे पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज होता. जोड पायरीपर्यंत त्यांनी आणायचा, तिथून आत गुरवानं न्यायचा. ज्यांनी केला त्यांनी तो देवीपुढे ठेवलेला कधी पाहायचा नाही. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं म्हणे.

देवीनं जोड घेतला की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळे. घेतला असेल तर वहाणा तांदळ्याजवळ असत, तळाला खिंडीतली लाल माती आणि पट्ट्यांत गवताची कुसळं अडकलेली. मग वर्षभर घोर नाही.

त्या घरची सून हौसा. तिची सासू काशाबाई एका भाद्रपदात चार दिवसांच्या तापानं गेली. नवरा वहाणा विकायला गावोगावचे बाजार फिरे, चारचार महिने घरी नसे. सासरा सटवाजी मोठा कसबी माणूस, पण त्याची नजर अधू झालेली. तो हातानं चाचपून तळ कापे, दगडावर ठोकून बसवे. शिवण, पट्ट्यांची वेणी, मणीकाम हे सगळं आता एकट्या हौसाकडे आलं. तिचा हात चांगला होता. सासूनंच शिकवलेला.

काशाबाईचा एक हेका होता. देवीचा जोड पौषी पौर्णिमेला तयार पाहिजे, म्हणजे नेमाच्या महिनाभर आधी. तयार झाला की ती तो आपल्या ताब्यात घेई आणि पुढे महिनाभर कुणाला त्याचं दर्शन नसे. हौसानं तोच शिरस्ता ठेवला. महिनाभर आधी जोड पुरा केला, कोऱ्या फडक्यात गुंडाळला, टोपलीत घालून आढ्याला टांगला. त्याला कुणाचा हातही लागू दिला नाही. माघी पौर्णिमेला तो वर गेला.

दुसऱ्या दिवशी भैरू गुरव जोड हातात धरून वाडीत आला. वहाणा देवळाच्या चौथ्या पायरीवर सापडल्या होत्या. तळ जवळजवळ कोरा. देवीनं जोड फेकून दिला, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं.

मग काय विचारता. गावाला विषयच मिळाला. ज्यांनी जन्मात आरी हातात धरली नाही ते हौसाला शिवण शिकवायला लागले. कुणी म्हणे माप चुकलं. आता तांदळ्याला पाय नाहीत, माप घ्यायचं कशाचं? ते जुन्या जोडावरूनच घेत आले होते, तिनंही तसंच घेतलं होतं. कुणी म्हणे सासूचा वर्षाचा विटाळ फिटला नाही. त्या पावसाळ्यात तांड्याचे दोन बैल कड्यावरून खाली गेले. पूर्वी जात नव्हते असं नाही, पण आता त्याचंही खापर हौसाच्या डोक्यावर फुटलं. ती पाण्याला गेली की बायका कळशी उचलून बाजूला होत. हिच्या हाताला गुण नाही, असं तिला ऐकू येईल इतपत हळू बोलत.

पुढच्या वर्षी तिनं ठरवलं की देवीला काम साधं वाटलं असेल. वर्षभराचे होते नव्हते ते मणी तिनं लावले. पट्ट्यावर पांढऱ्या मण्यांची वळणावळणाची खिंड काढली, दोन्ही कडांना निळ्या मण्यांचे डोंगर, अंगठ्याजवळ लाल लोकरीचा गोंडा. एकेक मणी दोनदा ओवून पक्का केला. बोटांची टोकं सोलून निघाली. जोड असा झाला की सटवाजी नुसता हात फिरवून म्हणाला, तुझ्या सासूलाही असं जमलं नसतं. तो जोडही परत आला. तीच चौथी पायरी, तसेच कोरे तळ. त्या दिवशी हौसा जेवली नाही. कुणावर चिडावं तेच तिला कळेना. देवीवर चिडायची सोय नव्हती आणि गावावर चिडून उपयोग नव्हता.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याला पंच बसले. शेजारच्या गावचे कारागीर मान घ्यायला तयारच होते. ठरलं ते असं की यंदा जोड परत आला तर मान त्यांच्याकडे जाईल, आणि मानाबरोबर टाकं आणि बनही. हौसाच्या घरानं वाडी सोडायची. सटवाजी तिथे हात जोडून उभा होता. माझ्या बापाचा बाप त्या टाक्यावर म्हातारा झाला, एवढंच तो म्हणाला. पंचांनी ऐकून घेतलं आणि उठले.

हौसानं यंदा मुळापासून हात घातला. दुसऱ्याच्या कातड्याचा भरवसा नको म्हणून म्हशीचं कातडं स्वतः चुन्यात घातलं, केस काढले, टाक्यात धुतलं. बाभळीची साल स्वतः सोलून कुटली, हिरडा कुटला. कातड्याची पिशवी शिवून त्यात सालीचं पाणी भरून झाडाला टांगली. थेंब थेंब पाणी गळे, ती परत भरी. हात कोपरापर्यंत तांबडे झाले. तळाला दोन पदर घातले, मधे चामड्याच्याच वादीनं टाके घातले, खिळा म्हणून लावला नाही. पौषी पौर्णिमेला जोड तयार झाला.

तिनं तो समोर ठेवला आणि सकाळपासून दुपारपर्यंत त्यात खोट शोधली. टाके मोजले, तळ वाकवून पाहिला, मणी ओढून पाहिले. खोट सापडेना. सापडली असती तर बरं वाटलं असतं. कामात खोट नाही आणि तरी हा जोड परत येणार, असं तिच्या मनानं घेतलं, आणि तिचा तोल गेला. तिनं हातातली आरी भिंतीवर मारली, वहाणा खाली टाकल्या आणि सरळ पायात घातल्या. देवीला नको तर मी घालते, असं म्हणत ती फणकाऱ्यानं टाक्याकडे निघाली.

टाक्यापर्यंत पोचली तोवर डावा अंगठा सोलला होता. परत फिरली तर उजव्या टाचेच्या वर पट्टा कापायला लागला. दाराशी येईपर्यंत ती लंगडत होती. ओट्यावर बसून तिनं वहाणा काढल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघतच राहिली. वहाण चावली की माणूस ती अशीच काढतो. चार पावलं टाकतो, पायरीवर टेकतो आणि दोन्ही नीट बाजूला ठेवतो. देवीनं जोड फेकला नव्हता. तिच्या पायाला फोड आले होते.

कोरी वहाण चावते हे शेंबडं पोरही सांगेल. हौसाचा तर जन्म त्यात गेला होता. गावच्या पाटलाचा जोड द्यायच्या आधी सटवाजी आठ दिवस आपल्या पायात घालून मऊ करी, करडईचं तेल पाजी. मग पाटील खुशीत चालत जाई. पण देवीचा जोड म्हटल्यावर सगळ्या शहाण्यांची अक्कल गहाण पडली. तो पवित्र, त्याला कुणाचा पाय लागायचा नाही, कोऱ्या फडक्यातून थेट देवीपुढे. रोज खिंड चालणाऱ्या बाईला हे लोक दर वर्षी लाकडासारखी ताठ वहाण देत होते आणि वर तिनं ती का घेतली नाही म्हणून दुसरीचं घर उठवायला निघाले होते.

मग एक प्रश्न तेवढा उरला. काशाबाई होती तोवर देवी दर वर्षी जोड घेत होती, ती कशी?

हौसानं सासऱ्याला सगळं सांगितलं. जोड पायात घातला हे ऐकून म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तेल लावून पूस, कुणाला बोलू नको, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तिनं आपला सोललेला अंगठा त्याच्या हाताला लावून दाखवला. त्यानं तो चाचपून पाहिला, टाचही चाचपली. मग बोलला.

"तुझी सासू दर पौषात लंगडायची, हौसा. माघ लागला की बरी व्हायची. म्या म्हनायचो, थंडीनं वात धरला. महिनाभर वाळूचा शेक द्यायचो तिला. पन काय झालंय म्हनून कधी इचारलं न्हाई."

हौसाला आता उमगलं की पौष लागला की सासू आपल्याला हौसेनं माहेरी का धाडत होती. घरात दुसरी बाई नको म्हणून. म्हातारी वर्षानुवर्षं देवीचा जोड चोरून घालत होती, वाडीमागच्या बनात चालून मऊ करत होती आणि पायाचे फोड वात म्हणून खपवत होती. हे ऐकून हौसाला भरून येईल असं तुम्हाला वाटेल. तिला आधी संताप आला. एक वाक्य, एवढं एक वाक्य सुनेला सांगून गेली असती तर दोन वर्षं गावानं तिला वाळीत टाकल्यासारखं वागवलं नसतं. सांगितलं का नाही, बाहेर फुटलं तर टाकं जाईल म्हणून, तेही तिला कळत होतं. कळलं म्हणून राग कमी झाला नाही.

सटवाजीचं म्हणणं होतं की सासूनं केलं तसंच करावं. बनात चालावं, मूग गिळून बसावं, टाकं वाचेल. यात काही चूक नव्हती. पण हौसाच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. आपण चोरून घातला आणि आपल्यालाही असाच चार दिवसांचा ताप आला, तर पुढच्या सुनेनं काय करायचं? तिनंही दोन वर्षं भिंतीवर आऱ्या मारायच्या? मामंजी, मी बनात चालणार नाही, वाटेनं चालणार, असं तिनं सांगितलं. टाकं गेलं तर, असं त्यानं विचारलं. तिनं जोड उचलला आणि दाराशी नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवीचा मण्यांचा जोड पायात घालून भर गावातून निघाली. पाणवठ्यावरून गेली, चावडीवरून गेली. गाव जागच्या जागी थिजलं. भैरू गुरव धावत आला. देवीच्या वहाणा उष्ट्या केल्या, आता या वर नेणार कोण, असं ओरडायला लागला. पंच जमले. कुणी म्हणालं आजच हाकला हिला. हौसा तिथेच उभी राहिली. पायाला लागत होतं म्हणून एका पायावर भार देऊन उभी राहिली म्हणे.

"पाटील, तुमचा जोड माझा सासरा आदी घालून देतो, म्हनून तुमाला चावत न्हाई. तुमच्या पायाची एवढी काळजी, आन् देवीनं मातूर फोड घेऊन खिंड चालायची? माझी सासू जल्मभर हेच करत हुती. तिनं चोरून केलं, मी समद्यांम्होरं करते."

पाटलानं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. त्याच्या पायात सटवाजीनं केलेला जोड होता, लोण्यासारखा मऊ. मग आज हाकला म्हणणाऱ्यांना त्यानं गप्प बसवलं. निवाडा देवीवरच सोपवायचा ठरलं. महिनाभर घालू दे, जोड परत आला तर दसऱ्याला ठरलं तेच होईल.

महिनाभर हौसा रोज खिंड चढली आणि उतरली, दर खेपेला देवळाच्या पायरीवरून माघारी फिरली. आधी लंगडत, मग जरा सरळ, मग अगदी सहज. सोबत कुणी नसे. माघी पौर्णिमा आली आणि भलताच पेच पडला. बाईनं घातलेला जोड हातात धरायला गुरव तयार होईना. गावात कुणीच होईना. दुसऱ्यानं उचलायचा नाही, मग आत जाणार कसा? शेवटी पाटीलच वैतागून म्हणाला, जिच्या पायात आहे तीच नेऊन ठेवील. इतक्या वर्षांचा रिवाज असा घाईघाईत मोडला. हौसा पहिली पायरी चढली, चौथी चढली, वहाणांसकट छपराखाली गेली, तांदळ्यासमोर वहाणा काढल्या आणि अनवाणी खाली आली. आत देवीशी ती काय बोलली ते कुणाला ठाऊक नाही. भांडली असेल, असं आमच्याकडे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी उन्हं येताच सगळं गाव पायऱ्यांशी जमलं. सटवाजीला हाताला धरून आणलं होतं. चौथी पायरी मोकळी होती. गुरव आत गेला आणि खांबाशी येऊन बाजूला झाला. मग पाटील गेला, मग बाकीचे. वहाणा तांदळ्याजवळ होत्या. तळाला लाल माती दाट बसलेली, पट्ट्यांत कुसळंच कुसळं. पाच मणी गळालेले. नंतर म्हणे ते खिंडीच्या पार खालच्या वळणावर एका तांडेवाल्याला सापडले, जिथवर देवी पूर्वी कधी गेल्याची खूण मिळाली नव्हती.

लोक हौसाच्या पाया पडायला लागले. तिनं पाय मागे घेतले. दोन वर्षं ज्या बायका कळशी उचलून बाजूला होत होत्या त्याच पुढे होत्या. तिला आनंद झाला नाही असं नाही, टाकं वाचलं होतं. पण ती पायरीवर बसली आणि मोठ्यानं रडली, आणि रडता रडता सासूवरच रागावली. "आत्याबाई, सांगायचं तरी हुतं," एवढंच ती म्हणत होती. तिला कुणी उठवलं नाही.

पुढच्या पौषात नवा जोड तयार झाला. हौसानं तो घातला आणि वाटेला लागली. दाराशी सटवाजी काठी टेकून उभा होता. त्याला दिसत नव्हतं, पण पावलांचा आवाज त्यानं ऐकला, एक जड, एक हलकं. त्यानं विचारलं, "चावत्यात का गं?" ती म्हणाली, "चावत्यात, मामंजी." तो वाटेतून बाजूला सरला. पुढे पाणवठ्यावर एका बाईनं तेच विचारलं, चावडीवर पाटलानं विचारलं.

आजही पौषी पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत त्या घरची सून देवीच्या वहाणा घालून रोज ही खिंड चढते. त्या महिन्यात वाटेत भेटेल त्यानं तिला राम राम घालायचा नाही, आधी चावत्यात का ते विचारायचं. ती खरं ते सांगते. तुम्ही पौषात आलात आणि लंगडत चाललेली बाई दिसली, तर तिचा फोटो काढत बसू नका. विचारा, आणि वाट द्या.